शिक्का आणि घंटा : छोट्या सरदार घराण्याचा माग कसा काढायचा

जबलपूरहून मी तुमच्याशी बोलतो आहे. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ या. प्रश्न असा असतो : "आमचे पूर्वज पेशव्यांबरोबर इकडे आले, सरदार होते, असं आजोबा सांगायचे. हे खरं की नाही, ते कसं कळेल?" हा प्रश्न जबलपूर-सागरचे लोक विचारतात, तसे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, अगदी तंजावरचेही विचारतात.

शिंदे, होळकर, भोसले यांच्याबाबतीत अडचण नाही. त्यांची दफ्तरं आहेत, बखरी आहेत, त्यांच्यावर ग्रंथ आहेत. अडचण छोट्या घराण्यांची आहे. पाच-पंचवीस गावांचा मोकासा, शंभर-दोनशे स्वार, एक गढी, एवढाच पसारा असलेल्या माणसाची बखर कोण लिहिणार? घरातले कागद वाळवीनं खाल्ले, पुरात गेले किंवा मोडी वाचता येत नाही म्हणून बंबात गेले. मग उरतं काय?

दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे त्या माणसाचा शिक्का आणि दुसरी म्हणजे त्यानं देवाला दिलेली वस्तू. शिक्का दुसऱ्याच्या दफ्तरातल्या कागदावर उमटलेला असतो, म्हणून तो आपल्या घराबाहेर टिकतो. देवाची वस्तू देवळात राहते, म्हणून ती भाऊबंदकीतून वाचते. दोन्हींवर नाव असतं. ही दोन नावं जुळवली की घराणं दिसू लागतं. आजचा विषय एवढाच.

डेन्मार्कमध्ये हे काम कसं करतात

आधी थोडं लांब जाऊ. डेन्मार्कमध्ये छोट्या सरदार घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना अगदी आपल्यासारखीच अडचण येते. तिथं जुन्या काळी आडनाव नसे. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. एकाच नावाची दहा माणसं निघायची. मग फरक कशावरून करायचा? ढालीवरच्या चिन्हावरून. प्रत्येक घराण्याचं चिन्ह ठरलेलं असे आणि ते मुलाकडे जसंच्या तसं जाई. १५२६ साली राजा पहिला फ्रेडरिक यानं सरदारांना कायमचं आडनाव घ्यायला सांगितलं, तेव्हा अनेकांचं नाव चिन्हाशी जुळलेलं राहिलं. ज्यांच्या ढालीवर सोनेरी तारा होता त्यांचं नाव गिल्डनस्टिएर्न, म्हणजे सोनेरी तारा. ‘हॅम्लेट’ नाटकात रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न अशी जोडी आहे ना, ती नावं अशाच खऱ्या डॅनिश घराण्यांची आहेत.

ही मंडळी गावच्या चर्चला घंटा देत, वेदीमागचा चित्रफलक देत, प्रवचनाचं लाकडी व्यासपीठ देत, आणि त्यावर आपली ढाल रंगवत. नवऱ्याची ढाल आणि शेजारी बायकोच्या माहेरची ढाल. त्यामुळे जे लग्न कुठल्याच कागदावर नाही, ते चर्चमधल्या व्यासपीठावर सापडतं. संशोधक गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन ढाली उतरवून घेतात आणि त्यावरून वंशावळ बांधतात.

आता आपल्याकडे या. "बाळाजी गोविंद", "गंगाधर गोविंद", "नारो शंकर", "धोंडो दत्तात्रय". यात आडनाव कुठे आहे? हे माणसाचं नाव आणि बापाचं नाव. १५२६ च्या आधीच्या डेन्मार्कमध्ये जे चाललं होतं, तेच अठराव्या शतकाच्या मराठी कागदात चालू होतं.

आपली ढाल म्हणजे आपली मुद्रा

आपल्याकडे ढालीवर चित्र काढून वंश सांगायची पद्धत नव्हती. चिन्हं होती. लग्नातलं देवक घ्या : पंचपल्लव, कळंब, मोरपीस. गावच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर असे, सही करणारी बाई असेल तर बांगडी. पण सरदार, मामलेदार, सुभेदार यांची खरी ओळख म्हणजे मुद्रा.

"शिक्कामोर्तब" हा शब्द आपण रोज वापरतो. तो दोन वस्तूंचा आहे. शिक्का म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूची मोठी मुद्रा, आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपल्यावर खाली उमटवायचा छोटा शिक्का, त्यापुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. घराण्याची माहिती वरच्या मुद्रेत असते.

तीत साधारणपणे चार गोष्टी शोधायच्या. पहिली, धन्याचं नाव. पेशव्यांच्या मुद्रेत आधी शाहू छत्रपती येतात, मग पेशव्यांचं नाव. म्हणजे हा कोणाचा चाकर, ते कळतं. दुसरी, कुलदैवत. होळकरांच्या मुद्रेत म्हाळसाकांत म्हणजे खंडोबा, शिंद्यांच्या मुद्रेत ज्योतिस्वरूप म्हणजे जोतिबा. "अमक्या देवाच्या चरणी तत्पर" अशी ती रचना असते. डॅनिश ढालीवर ताऱ्याचं जे काम, ते आपल्या मुद्रेत कुलदैवत करतं. तिसरी, बापाचं नाव, "अमक्याचा सुत" असं. खुद्द शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेतही शहाजीराजांचा पुत्र असा उल्लेख आहे. चौथी गोष्ट म्हणजे पद : मुख्य प्रधान, फडणीस, सुभेदार, जे असेल ते.

आता यात आडनाव नसेल तर पिढ्या कशा जोडायच्या? साखळी लावून. बापाचं नाव पुढच्या मुद्रेत दुसऱ्या जागी येतं. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल असल्यामुळे साखळी आणखी ओळखीची होते. याचं उत्तम उदाहरण आमच्याच भागातलं आहे.

खेरांचे बुंदेले कसे झाले

रत्नागिरीकडच्या नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर. बल्लाळ हे बाळाजीचंच रूप, म्हणजे गोविंद हे बाळाजीचे पुत्र. छत्रसाल बुंदेल्यानं आपल्या राज्याचा हिस्सा पहिल्या बाजीरावांना दिला. छत्रसाल १७३१ साली वारला. या हिश्श्याचा कारभार गोविंदपंतांकडे आला आणि त्यांनी सागरला ठाणं केलं. डिसेंबर १७६० मध्ये, पानिपतच्या लढाईच्या महिनाभर आधी, अब्दालीच्या सैन्याची रसद तोडण्याच्या कामात ते मारले गेले.

त्यांचे दोन मुलगे बाळाजी गोविंद आणि गंगाधर गोविंद. साखळी बघा : बाळाजी, मग गोविंद बल्लाळ, मग बाळाजी गोविंद. सागर एका शाखेकडे राहिलं, काल्पी-जालौनकडे दुसरी शाखा वाढली. जालौनचं संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. सागरला बाळाजींचे पुत्र रघुनाथराव आले. हिंदीतले मोठे कवी पद्माकर यांना आश्रय देणारे ते हेच.

आता या एका घराण्याची नावं मोजा. मूळ आडनाव खेर. पुण्याच्या कागदांत गोविंदपंत बुंदेले, कारण कामगिरी बुंदेलखंडाची. इंग्रजी गॅझेटियरमध्ये "गोविंद पंडित". इकडे लोकांच्या बोलण्यात सागरचे राजे किंवा सागरवाले. ज्याला हे ठाऊक नाही, तो चार वेगळी घराणी समजेल. नुसत्या आडनावावर शोध घेणारा इथेच वाट चुकतो. मुद्रेतली बाप-लेकाची साखळी मात्र चुकत नाही.

असंच दुसरं उदाहरण नारो शंकर यांचं. आडनाव दाणी. मालेगावचा भुईकोट किल्ला त्यांचा, झाशीची सुभेदारी त्यांनी १७४२ पासून १७५७ पर्यंत केली, झाशीच्या किल्ल्याचा शंकरगढ हा भाग त्यांचा. "राजेबहादूर" हा किताब मिळाला आणि घराणं त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. किताबाचं आडनाव झालं की मूळ आडनाव मागे पडतं. तुमचं आडनाव जर पदावरून, किताबावरून किंवा गावावरून पडलेलं असेल, तर त्याच्याआधी दुसरं काही होतं, हे धरूनच चाला.

देवाला दिलेलं बोलतं

आता दुसरा पुरावा. मुद्रेत एक मोठी उणीव असते. तीत बाप असतो, आई नसते. धनी असतो, बायको नसते. बायका सापडतात त्या देवळात.

जबलपूरजवळच्या भेडाघाटचं उदाहरण घ्या. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी इथं त्रिपुरीच्या कलचुरींचं राज्य होतं. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गजलक्ष्मी असते आणि राजाचं नाव. पण राणी अल्हणादेवी हिनं भेडाघाटला देऊळ, मठ आणि व्याख्यानशाला बांधली आणि लेख कोरवला. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५. त्या लेखात ती सासरबरोबर माहेरही सांगते. बाप मेवाडच्या गुहिल वंशातला विजयसिंह, आई श्यामलादेवी, आणि श्यामलादेवी ही माळव्याच्या परमार उदयादित्याची मुलगी. तीन राजघराण्यांचा संबंध एका देणगीच्या लेखात. डॅनिश चर्चमधल्या दोन ढाली जे सांगतात, तेच. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल यांनी अमेरिकेत नेला. वाचन छापलं गेलं म्हणून मजकूर आपल्या हाती आहे.

मराठ्यांच्या काळात या. सागर जिल्ह्यात रहली म्हणून गाव आहे, सुनार नदीच्या काठी. तिथं पंढरीनाथाचं देऊळ आहे. बुंदेलखंडात विठोबा कुठून आला? मराठी माणसांबरोबर आला. खेर घराण्यातल्या राणी लक्ष्मीबाईंचं नाव या देवळाशी जोडलं जातं. त्याच जिल्ह्यात देवरीला खंडेरावाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीपासून तिथं अग्निकुंडाचा मेळा भरतो आणि लोक निखाऱ्यांवरून चालतात. चालणारे बहुतेक हिंदी-बुंदेली बोलणारे, पण देव आणि तिथी आपल्या जेजुरीचीच.

याच देवरीबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, १७६७ साली पेशव्यांनी देवरी आणि भोवतालचा पंचमहाल धोंडो दत्तात्रय नावाच्या मराठी पंडिताला दिला. १८१३ मध्ये गढाकोट्याच्या राजानं देवरी लुटून जाळली. पुढे इंग्रजी अंमलात याच घराण्यातल्या रामचंद्ररावांना देवरीऐवजी पिठोरिया मिळालं. हे खरं छोटं घराणं. ना बखर, ना ग्रंथ. आडनावही नोंदलेलं नाही.

मग यांचा माग कसा काढाल? उत्साही माणूस लगेच म्हणेल, "देवरीत खंडोबा आहे, म्हणजे देऊळ धोंडोपंतांनी बांधलं आणि त्यांचं कुलदैवत खंडोबा." इतक्या लवकर नको. खंडोबा शिलेदारांचाही असतो, धनगरांचाही, ब्राह्मणांचाही. त्या देवावरून गावात मराठी वस्ती होती एवढं कळतं. देऊळ कोणाचं, ते देवावरून ठरत नाही, कोरलेल्या नावावरून ठरतं. म्हणून देवरी आणि पिठोरिया या दोन्ही ठिकाणी घंटा, पायऱ्या, चौकट, विहीर बघायची आणि "अमुक धोंडो" असं नाव मिळतं का ते पाहायचं. मिळालं तर पुढची पिढी मिळाली. मग तीच साखळी पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांवर शोधायची.

शके, संवत आणि सुहूर

देवळातल्या वस्तूवर साल मिळालं की आनंद होतो, पण आमच्या भागात इथेच घोळ होतो. समजा, घंटेवर नुसतं १७०४ लिहिलं आहे. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे : १७८२, आणि वर्षाचे शेवटचे महिने १७८३ मध्ये जातात. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे : १६४७. दोन्हींत सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर! १६४७ मध्ये सागरला मराठे नव्हतेच.

मग ताळा कसा करायचा? सालाबरोबर संवत्सराचं नाव असेल तर काम सोपं. शके १७०४ ला दक्षिणेच्या गणनेनं शुभकृत संवत्सर येतं. उत्तरेत संवत्सराची गणना वेगळी आहे, तिथं त्याच वर्षी दुसरंच नाव निघतं. म्हणून सागर-जबलपूरकडच्या एखाद्या घंटेवर "शके १७०४ शुभकृत" असं मिळालं, तर तारीख पक्की होतेच, शिवाय दात्याचा पंचांग सांगणारा जोशी दक्षिणेच्या वळणाचा होता, हेही बहुधा कळतं.

कागदावर मात्र सुहूर सन असतो, अरबी शब्दांत. "सलास समानीन मया व अलफ" म्हणजे तीन, ऐंशी, शंभर आणि हजार : ११८३. त्यात ५९९ मिळवले की १७८२. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मेअखेरीपर्यंत ६०० मिळवायचे. घंटेवरचं शके १७०४ आणि शिक्क्याच्या कागदावरचं सुहूर ११८३ ही जवळजवळ एकच वर्षं. नाव तेच, बापाचं नाव तेच, वर्ष जुळतं आणि गाव जवळचं, तर तुमचा दावा उभा राहिला.

कुठे फसाल

पहिली फसगत घंटेचीच. नाशिकला पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकराचं रामेश्वर मंदिर आहे, १७४७ मधलं. त्याची घंटा प्रसिद्ध आहे. तिच्यावरचं साल १७२१, देवळाच्या आधीचं. कारण ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि सरदारांनी त्या आपापल्या देवांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावरच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू आहेत. म्हणजे घंटेवरचा मजकूर ओतणाऱ्याचा असू शकतो आणि देणारा दुसराच. वस्तू कोणी घडवली, कोणी मिळवली, कोणी वाहिली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरी फसगत इंग्रजी थाटाच्या ढालीची. एखाद्या घरी सिंह, मुकुट आणि खाली बोधवाक्य अशी ढाल फ्रेम करून लावलेली असते आणि "ही शिवकालीन" असं सांगतात. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं संस्थानिकांसाठी अशी चिन्हं युरोपी पद्धतीनं तयार केली. त्यानंतर ही हौस पसरली. शिंद्यांच्या चिन्हातले नाग जुन्या आख्यायिकेतले असतील, पण ते ढालीत बसवले गेले ते याच काळात. अशी ढाल १८७७ नंतरची हौस सांगते. त्याआधीचा वंश तिच्यावरून सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट दत्तकाची. छोट्या घराण्यांत दत्तक फार. दत्तक झाला की बापाचं नाव बदलतं आणि साखळी सरळ दिसते, पण रक्ताची नसते. शिवाय मधल्या काळात कारभार विधवेकडे असतो. सागरला रघुनाथरावांच्या मागे रुक्माबाई होत्या आणि कारभार विनायकराव बघत. १८१८ मध्ये सागर इंग्रजांकडे गेलं ते त्यांच्याच वेळी. घराण्याला पेन्शन मिळालं आणि पुढे गादीचे वारस जबलपुरात राहिले. अशा वेळी वंशावळीच्या तक्त्यात फक्त पुरुष लिहिलेत, तर ही वर्षं रिकामीच दिसतील.

जबलपूरच्या घरांसाठी

आमच्या शहरातली मराठी घरं एका लाटेत आलेली नाहीत. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याच्या नरहरशहाचं राज्य संपवलं, तेव्हा सागरवाल्यांची माणसं आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, त्यांची माणसं आली. १९ डिसेंबर १८१७ ला जबलपूरला इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, मग कारकून, मास्तर, वकील आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले, मग रेल्वेची माणसं आली.

त्यामुळे "आम्ही पेशव्यांबरोबर आलो" असं प्रत्येक घर म्हणतं, पण प्रत्येक घराचं ते खरं असू शकत नाही. सागरवाल्यांचा माणूस असेल तर त्याचे कागद पुण्याशी जोडलेले सापडतील, भोसल्यांचा असेल तर नागपूरशी. १८७० मध्ये रेल्वेत तारमास्तर म्हणून आलेल्या पणजोबांमध्ये कमीपणा काय आहे? मला तर कोकणातून किंवा खानदेशातून निघून, भाषा येत नसलेल्या गावात घर उभं करणारा तो माणूस कुठल्याही मोकाशाइतकाच मोठा वाटतो. खोटी सरदारी चिकटवली की या खऱ्या माणसाचं नाव पुसलं जातं. नुकसान आपलंच होतं.

आता तुम्ही काय करायचं

पुस्तकांपासून सुरुवात करा. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची यादी १९१६ मध्ये छापली. तुमचं गाव त्यात आहे का बघा. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केले आहेत. नाव आणि बापाचं नाव अशी जोडी घेऊन ते चाळा. नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका.

मग देवळात जा. घंटेची कड, दीपमाळेचा पाया, दरवाज्याची पट्टी, पायऱ्या, विहिरीचा कठडा, समईची बैठक, मुखवट्याची मागची बाजू. पुजाऱ्यांना विचारून फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढलेत तर झिजलेली अक्षरंही दिसतात. अक्षरात खडू भरू नका, चुना खरवडू नका, चिंचेनं घासू नका. फोटोबरोबर गाव, देऊळ, वस्तूची जागा आणि तारीख लिहा.

हे लवकर करा. जीर्णोद्धार जोरात चालू आहेत. एका खेड्यातल्या देवळात दीपमाळेच्या पायाचा लेख चकचकीत टाइल्सखाली गेलेला मी पाहिला आहे. गावकऱ्यांचा हेतू चांगलाच होता, तिथं काही लिहिलं आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चिरलेली घंटा तर सरळ वितळवून नवी करतात आणि तिच्यावर नव्या देणगीदाराचं नाव येतं. छोट्या घराण्याला बहुधा एकच घंटा असते. ती गेली की घराणं गेलं.

म्हणून येत्या सुट्टीत गावच्या देवळात गेलात की हात जोडल्यावर एकदा मान वर करून घंटेची कड वाचा. नाव कोणाचंही असो, उतरवून घ्या. तुमचं नसेल, तर जबलपूर-सागरच्या कुठल्यातरी घराचं असेल, आणि ते घर कदाचित त्याच नावाच्या शोधात असेल. पुढच्या भागात मोडी वाचायला सुरुवात करू. भेटू या.